मोठी कुत्री असतील तरच

मारेनला राहतं घर सोडायला सहा आठवडे उरले होते, आणि कोपनहेगनमध्ये तिला कुणी दारात उभं करत नव्हतं. तिच्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढण्याचं काम ती एकवीस वर्षं करत होती. पन्नाशीला टेकलेली, एकटी, नीटनेटकी बाई. सिगारेट नाही, पार्ट्या नाहीत. फोनवर बोलणं छान रंगायचं, आणि मग शेवटी तो प्रश्न यायचाच.

"पाळीव प्राणी वगैरे काही?"

"दोन कुत्रे आहेत."

"असू देत की. लहानच असतील ना?"

"नाही. ग्रेट डेन आहेत."

मग कुणाला एकदम आठवायचं की घर कालच दुसऱ्याला दिलंय, कुणाच्या बायकोला अचानक केसांची ॲलर्जी निघायची. एक गृहस्थ तर मोकळेपणाने हसले. "म्हणजे दोन वासरंच म्हणा की! अहो बाई, तुम्ही घर नका शोधू, गोठा शोधा."

धाकट्या भावाला, प्रेबेनला, तिने हे सांगितलं तेव्हा तोही हसला. मग गंभीर झाला.

"अगं ताई, होल्गर नऊ वर्षांचा झालाय. या जातीला नऊ म्हणजे खूप झाले. आणि ब्रोर तरणा आहे, त्याला गावाकडचा एखादा शेतकरी आनंदाने घेईल. मी विचारू का कुणाला?"

"तुला घर मिळत नव्हतं तेव्हा मी तुझी पोरं कुणाला द्यायला सांगितली होती का?"

"माझी पोरं ऐंशी किलोची नाहीत."

"अजून नाहीत. त्यांचं खाणं बघता होतील."

हसण्यावारी नेलं खरं, पण फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात जमिनीवरच बसून राहिली. होल्गर सावकाश आला, तिच्या पाठीमागे उभा राहिला आणि नेहमीसारखी आपली हनुवटी त्याने तिच्या खांद्यावर ठेवली. डोक्याचा सगळा भार टाकून, लांब सुस्कारा सोडून. घटस्फोटाच्या वर्षी, आई गेली तेव्हा, त्या हनुवटीखाली ती अशीच बसली होती. त्याला शेवटचे काही महिने परक्या माणसाच्या अंगणात काढायला लावायचे? ते तिच्याने होणार नव्हतं.

त्याच संध्याकाळी तिला ती जाहिरात दिसली. फोटो नव्हता. चार ओळी होत्या. 'घर भाड्याने देणे आहे. बिर्केरोड, जंगलाला लागून. स्टेशन चालत बारा मिनिटं. मोठी कुत्री असतील तरच फोन करावा. दोन असल्यास उत्तम.'

तिने ती तीनदा वाचली आणि फोन लावला.

*

घर गल्लीच्या अगदी टोकाला होतं. अलीकडची सगळी घरं हल्लीची, पांढरी, सपाट, अंगणात मुलांच्या उड्या मारायच्या जाळ्या. हे एक तेवढं जुनं, लाल विटांचं, बुटकं. मागची बाग संपते तिथेच जंगल सुरू होत होतं. कुंपण नव्हतं. बीच जातीची उंच झाडं थेट बागेच्या कडेला येऊन थांबली होती.

घराच्या मालकीणबाई, एलिनोर ब्रास्क, पायरीवर उभ्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, हातात काठी, अंगात पुरुषी जाकीट. मारेनशी हात मिळवण्याआधी त्या कुत्र्यांकडे गेल्या. होल्गरच्या पाठीवर त्यांनी तळहात ठेवला. ब्रोरची छाती चाचपली, पुढचा पाय उचलून पंजा बघितला.

"हा म्हातारा भुंकतो का उगाच?"

"अजिबात नाही."

"वादळात पलंगाखाली शिरतो?"

"पलंगाखाली मावला तर शिरेल ना!" मारेन म्हणाली.

बाईंना ते उत्तर आवडलं. "ये आत."

घर साधं होतं. दोन खोल्या डावीकडे, दोन उजवीकडे आणि मधून लांब बोळकांडी. पुढचं दार उघडलं की बोळकांडीच्या दुसऱ्या टोकाचं मागचं दार थेट समोर दिसे आणि ते उघडलं की त्याच रेषेत जंगल. मारेनला वाटलं, आपण घरात शिरलो नाही, घरातून चाललोय. बोळकांडीत खुंटी नव्हती, आरसा नव्हता, चटईसुद्धा नव्हती. नुसती जुनी लाल फरशी, मधोमध झिजून खोलगट झालेली.

"इथे काही ठेवायचं नाही," एलिनोर म्हणाल्या. "कपाट नाही, सायकल नाही, चपला नाहीत. ही पहिली अट."

"आणि दुसरी?"

बाई काठीवर रेलल्या. "शरद संपता संपता पश्चिमेकडून पहिलं मोठं वादळ येतं. त्या दिवशी कुत्री एकदम उठून उभी राहतील, दोघंही मागच्या दाराकडे तोंड करून. तशी उभी राहिली की दोन्ही दारं उघडायची. मागचं आधी, मग पुढचं. आणि या भिंतीला पाठ लावून खाली बसायचं. नजर जमिनीवर. पाय दिसतील तेवढे बघायचे, त्याच्या वर बघायचं नाही."

"कुणाचे पाय?"

"जे येतील त्यांचे."

मारेनने त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. थट्टेची खूण कुठे दिसेना.

"सगळं निघून गेलं की दारं लावायची आणि कुत्री मोजायची. कमी भरली तर रडून घ्यायचं. जास्त भरली तर जे जास्त असेल त्याला खायला घालायचं आणि नाव ठेवायचं नाही. बस्स. इतकंच."

"आणि दारं नाही उघडली तर?"

एलिनोर तिला बाहेर घेऊन गेल्या आणि काठीने जंगलाकडची भिंत दाखवली. छपराखालच्या मोठ्या तुकड्यातल्या विटा वेगळ्या रंगाच्या होत्या. "एका वर्षी माझ्याकडे कुत्रं नव्हतं. आधीचा मेला होता आणि नवा आणायचं मन होत नव्हतं. ते आलेत हे मला कळलंच नाही. वाट त्यांनी करून घेतली." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "लहान कुत्र्यांना कळतं, पण ती लपून बसतात. मोठी उभी राहतात. आता माझे गुडघे वाकत नाहीत, खाली बसता येत नाही. मी स्टेशनाजवळच्या फ्लॅटमध्ये जातेय. घर रिकामं ठेवून चालणार नाही."

म्हातारपणाचं खूळ, मारेनच्या मनात आलं. एकटं राहून राहून असं होत असेल. पण भाडं तिला झेपणारं होतं, शहरात पोचायला गाडीने जेमतेम अर्धा तास, आणि बागेच्या टोकाला जंगल. होल्गर तोवर त्या बोळकांडीत मधोमध अंग टाकून झोपीही गेला होता.

तिने सही केली.

*

ते दोन महिने फार सुखाचे गेले. सकाळी जंगलात फेरी, मग गाडी, खिडकीतून मागे पळणारी तळी आणि बागा, संध्याकाळी दारात उभे असलेले दोन प्रचंड आकार. ब्रोर हरणांचे माग हुंगत दूरवर जायचा. होल्गर बागेच्या कडेपर्यंतच. मग तेवढंही जमेना. नोव्हेंबर लागला तेव्हा त्याला उठवायला पोटाखालून टॉवेल घालून उचलावं लागत होतं. कुत्र्यांचे डॉक्टर म्हणाले, "मागच्या पायांतलं बळ गेलंय. दोन-तीन आठवडे बघू, मग तूच मला फोन कर." काय म्हणायचंय ते दोघांनाही कळलं.

अटीबिटी ती विसरूनच गेली होती.

त्या मंगळवारी दुपारीच इस्पितळात सांगितलं गेलं की पश्चिमेकडून वादळ येतंय, तीननंतर गाड्या बंद होतील, लांबच्यांनी निघावं. मारेन शेवटच्या गाडीने आली. स्टेशनावरून चालताना वारा तिला मागून ढकलत होता. घरी पोचली तेव्हा चार वाजायला आले होते आणि उजेड राखेसारखा झाला होता. जंगल गर्जत होतं. तिने दिवा लावला, कॉफीसाठी पाणी ठेवलं.

पाणी उकळायच्या आत जंगलाचा आवाज थांबला.

वारा थांबला नव्हता. खिडकीतून झाडं वाकताना दिसत होती, पानं आडवी उडत होती. पण आवाज काही नव्हता, कुणीतरी जंगलाच्या तोंडावर हात ठेवावा तसा. आणि त्या शांततेत तिला फरशीवर नखं वाजलेली ऐकू आली.

ती बोळकांडीत आली. ब्रोर उभा होता, मागच्या दाराकडे तोंड करून. त्याच्या शेजारी होल्गरही उभा होता. टॉवेलशिवाय. चारी पायांवर, पाठ ताठ, कान उभे. चार वर्षांपूर्वी तो जसा उभा राहायचा तसा.

"होल्गर..." ती म्हणाली. "बाळा, कसा उठलास तू?"

त्याने वळून पाहिलं नाही.

दाराच्या फटीतून ओला गारवा आत येऊ लागला. त्याला वास होता. भिजलेल्या चामड्याचा, घामेजल्या घोड्यांचा, उकरलेल्या मातीचा आणि त्याखाली आणखी कसला तरी फार जुना, पहिल्या बर्फाआधी हवेला येतो तसला. मारेन जागची हलली नाही. मग जंगलाकडच्या भिंतीत काहीतरी करकरलं. छपराखालून चुन्याची बारीक रेघ सांडायला लागली. भिंत फुगत होती, श्वास आत घेतलेल्या छातीसारखी. ती मागच्या दाराकडे धावली, कडी काढली. मग पुढचं दार. मग भिंतीला पाठ लावून धपकन खाली बसली आणि एक हात होल्गरच्या पट्ट्यात, दुसरा ब्रोरच्या पट्ट्यात अडकवून तिने नजर जमिनीवर खिळवली.

आधी पानं आली. फरशीवरून सरसरत, ओली, तांबूस. मग पंजे आले.

करडे, काळे, चिखलाने माखलेले. इतके की फरशी दिसेना. शेकडो कुत्री तिच्या पावलांपासून वीतभर अंतरावरून पळत होती आणि एकाचाही धक्का तिला लागत नव्हता. नखांचा आवाज नव्हता. होता फक्त श्वास, शेकडो छात्यांचा एकत्र, भात्यासारखा. त्यांच्या मागून घोडे. दोन माणसं शेजारी शेजारी चालली तर खांदे घासतील अशी ती बोळकांडी, आणि त्यातून तीन-तीन घोडे एका ओळीत जात होते. कसे मावत होते ते कळत नव्हतं. गुडघ्यापर्यंत चिखल, खुरांवर वाफ. टापा फरशीवर वाजत नव्हत्या, पण तिच्या पाठीच्या कण्यात वाजत होत्या. रिकिबीतले बूट दिसत होते, शिवणीचे, दोरीने बांधलेले, कुणाचे नुसतेच कातड्यात गुंडाळलेले पाय. एका घोड्याच्या बाजूने कुणीतरी अनवाणी धावत होतं. त्या टाचा गुलाबी होत्या, जिवंत माणसाच्या असतात तशा.

मारेन रडत होती आणि ते तिला ठाऊक नव्हतं. भीती होतीच, पण भीती त्यातली फार थोडी होती. रोज माणसांच्या आतलं बघण्याचं तिचं काम. आज पहिल्यांदा तिला वाटलं, आपल्याला आरपार कुणीतरी बघतंय आणि आपण किती लहान आहोत, आणि हे किती मोठं आहे, आणि हे चालू असताना आपण एवढी वर्षं दारं लावून कॉफी पीत होतो.

मग एक घोडा थांबला. काळे, केसाळ खूर तिच्या समोर येऊन थबकले. एक हात खाली आला, जुन्या हातमोज्यातला. तळवा वर करून तो होल्गरच्या नाकापुढे थांबला.

होल्गरने हुंगलं. बराच वेळ हुंगलं.

त्याचे पुढचे पंजे तिच्याकडे वळले. ती बघत होती ते एवढंच, तिच्याकडे तोंड करून उभे राहिलेले दोन ओळखीचे पंजे. डाव्याचं एक नख लहानपणीच तुटलेलं. तिने पट्टा घट्ट आवळला. "नको," ती पुटपुटली. "नको ना रे..."

पंजे पुन्हा वळले. चालू लागले. मग धावू लागले.

तिच्या मुठीतला पट्टा मुठीतच राहिला.

*

किती वेळाने कोण जाणे, जंगलाचा आवाज परत आला. वाऱ्याने दारं आपटत होती. तिने उठून दोन्ही लावली. स्वयंपाकघरात किटली अजून उकळायची होती. होल्गरच्या पट्ट्याचं बक्कल लावलेलंच होतं, ज्या भोकात ती नेहमी लावायची त्याच भोकात.

कुत्री मोजायची, बाई म्हणाल्या होत्या. मोजायचं काय? ब्रोर तिच्या पायाशी थरथरत होता. एक.

तेवढ्यात ब्रोरने मान वळवली. होल्गरच्या अंथरुणावर कुणीतरी होतं.

राठ केसांचा, राखाडी, हाडापेराने ब्रोरपेक्षाही मोठा कुत्रा. पुढचा उजवा पाय त्याने पोटाशी घेतला होता आणि त्यातून रक्त येत होतं. डोळे पिवळे. त्या डोळ्यांनी तो तिच्याकडे पाहत होता, घरचा यजमान उशिरा आलेल्या पाहुण्याकडे पाहतो तसा.

मारेनने रात्रीच्या जेवणाचं मांस ताटलीत काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. मग जमिनीवर बसून ती पोटभर रडली. सांगितल्याप्रमाणे दोन्ही केलं.

सकाळी एलिनोर आल्या. ताज्या पावांची पिशवी हातात, बेकरीतून थेट. अंथरुणाकडे पाहून त्यांनी काठी भिंतीला टेकवली.

"लंगडा ठेवून गेलेत," त्या म्हणाल्या. "बरा होईपर्यंत ठेवतात. पुढच्या वर्षी नेतील. तुझा म्हातारा गेला?"

"मी पट्टा धरला होता... सोडला नव्हता मी."

"मला माहितेय गं." त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "धावत गेला ना?"

मारेनने मान डोलावली.

"मग झालं तर."

तो राखाडी कुत्रा वर्षभर तिच्याकडे होता. नाव तिने ठेवलं नाही. त्याला हाक मारावीच लागत नसे. ती खोलीतून उठली की तो आधीच दाराशी असे. तो कधी भुंकला नाही. पावसातून आला तरी फरशीवर त्याचे ओले ठसे उमटत नसत. पाय बरा होत होता तरी डॉक्टरांना दाखवावा म्हणून ती त्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी दोनदा एक्स-रे काढला. दोन्ही वेळा टेबल आलं, पंजा आला नाही. "यंत्रच बिघडलंय बहुतेक," ते म्हणाले, पण त्याच्याकडे पाठ न करता. एकवीस वर्षं यंत्रांपाशी काढलेल्या मारेनला कळलं होतं की यंत्र ठीक आहे.

शेजारचा यानिक बडबड्या, सगळ्यांच्या कुत्र्यांना हाका मारणारा. पहिल्यांदा तो राखाडी कुत्रा त्याच्या फाटकावरून गेला तेव्हा तो गवत कापत होता. "अरे वा, हा कोणत्या जातीचा..." एवढं म्हणून तो थांबला. त्याने यंत्र बंद केलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. कुत्रा लांब जाईपर्यंत तो तसाच उभा होता. मग टोपीकडे बघून जरासा लाजला. "ऊन... ऊन फार आहे नाही का आज?" आकाश भरून आलं होतं.

मारेनला त्या कुत्र्याची भीती वाटेनाशी झाली. प्रेम म्हणता येणार नाही, ते होल्गरवर होतं. पण संध्याकाळी तो मागच्या पायरीवर बसून जंगलाकडे पाहायचा, तेव्हा तीही कॉफी घेऊन शेजारी बसायची आणि दोघं अंधार पडेपर्यंत बसून राहायचे. प्रेबेन आठवड्याला फोन करायचा. "घर बरं आहे ना ताई? एकटं नाही ना वाटत?"

"नाही रे," ती म्हणायची. "इथे एकटं वाटायला जागाच नाही."

*

पुढच्या वर्षी वादळ उशिरा आलं, डिसेंबरच्या तोंडावर. मारेन सुट्टी काढून घरीच होती. चारच्या सुमाराला जंगलाचा आवाज थांबला, तेव्हा ती आधीच लोकरी मोजे घालून बोळकांडीत उभी होती. तिने दारं उघडली, मागचं आधी. भिंतीला पाठ लावून ती बसली, ब्रोरला मांडीवर ओढलं, त्याच्या गळ्यात दोन्ही हात घातले. राखाडी कुत्रा उंबऱ्यावर जाऊन उभा राहिला.

पानं आली. पंजे आले. ते त्याच्यापाशी येताच एक लाट उठल्यासारखी झाली, शेकडो श्वास एकदम वर चढले आणि त्यात तो मिसळून गेला. मागे वळून त्याने पाहिलं नाही. घोडे आले, तीन-तीन, चार-चार. तिच्या कण्यात टापा वाजत होत्या आणि या खेपेला तिला वाटलं, ही चाल आपल्याला येते.

मग कुणीतरी तिच्या पाठीशी आलं.

पाठीशी भिंत होती. तरी आलं. तिच्या उजव्या खांद्यावर एक हनुवटी टेकली. डोक्याचा सगळा भार टाकून. कानाजवळ लांब, उबदार सुस्कारा.

मारेनने डोळे गच्च मिटले. वर बघायचं नव्हतं. "माझं सोनं ते," ती म्हणाली. "पाय बरे आहेत ना आता?... धावतोस ना?..." भार हलला नाही. तिने ब्रोरच्या गळ्यातला डावा हात सोडला आणि डोळे मिटूनच खांद्याकडे नेला. आखूड केस, मऊ कान. ओला, थंड, जंगलाचा वास असलेला कान.

त्यानंतरचं तिला आठवत नाही.

ती भानावर आली तेव्हा ब्रोर तिच्या मांडीवर डोकं ठेवून घोरत होता. दोन्ही दारं सताड उघडी होती आणि त्यांतून पाण्यासारखा स्वच्छ उजेड आत येत होता. तिला वाटलं वादळ ओसरून पुन्हा ऊन पडलं. मग पक्षी ऐकू आले. सकाळ झाली होती.

तिचं अंग ठणकत होतं, मांड्या तर हलवता येत नव्हत्या. जमिनीवर रात्रभर बसल्याने असेल, तिला वाटलं. ती भिंतीला धरून उठली, दारं लावली. कुत्री मोजली. एक. तिला रडू आलं नाही. उलट आत कुठेतरी इतकं हलकं वाटत होतं की त्याचीच तिला लाज वाटली.

दहाच्या सुमाराला एलिनोर आल्या, पावांची पिशवी घेऊन. त्यांनी घरभर एकदा पाहिलं. मारेनने कॉफी केली, लोणी काढलं. दोघी स्वयंपाकघरातल्या लहान टेबलाशी बसल्या. बाहेर यानिक त्याची उडून गेलेली जाळी कुणाच्या तरी कुंपणातून ओढून काढत होता.

"तो आला होता," मारेन शेवटी म्हणाली. "होल्गर. हनुवटी ठेवली त्याने."

"येतात," एलिनोर म्हणाल्या. "पहिल्या वर्षी येतात."

मारेनने त्यांच्याकडे कप सरकवला. बाईंनी कप घेतला नाही. त्यांनी तिचा डावा हात धरला आणि उताणा केला. तळव्यावर आडवा, बोटभर रुंद, लालभडक वळ उठला होता. एका ठिकाणी कातडी सोलली होती. मारेनचं त्याच्याकडे आत्ता लक्ष गेलं.

"लगाम ओला असला की असंच होतं," एलिनोर म्हणाल्या. "मीठ-पाण्यात बुडवून ठेव. दोन दिवस आग होईल."

"कसला लगाम? मी भिंतीपाशी बसले होते. इथेच. जागची उठले नाही मी."

एलिनोरनी स्वतःचा डावा हात टेबलावर ठेवला आणि बोटं उघडली. म्हाताऱ्या तळव्यावर आडव्या पांढऱ्या रेघा होत्या. एकाखाली एक, जवळजवळ, काही इतक्या जुन्या की हाताच्या रेषांत मिसळून गेलेल्या. मारेन मोजायला लागली आणि मध्येच थांबली.

"घोडा कुठला दिला तुला?" एलिनोरनी पावाला लोणी लावत विचारलं, कुणी सहज गाडीला गर्दी होती का विचारावं तसं. "तो करडाच का?"

"नाही, तांबडा," मारेन म्हणाली. "डाव्या कानाचं टोक तुटलेला."

मग हातातली सुरी तिने हळूच खाली ठेवली. दोन्ही वर्षं मिळून तिने एकाही घोड्याच्या रिकिबीच्या वर काही पाहिलं नव्हतं.